साहेब कुठायत?

फिजिक्स शिकवणाऱ्या बाईच्या मनात एक सुप्त इच्छा कायम असते. घरात, शेजारात, निदान पार्किंगमध्ये तरी काहीतरी रीतसर बिघडावं, सगळ्यांनी हात टेकावेत आणि मग कुणीतरी म्हणावं, ‘बाईंना विचारा.’ बारावीच्या पोरांना किरचॉफचे नियम शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण घरातला मिक्सर बंद पडला की नवरा तो बगलेत मारून शेजारच्या काकांकडे जातो. काका बँकेतून निवृत्त झालेत.

त्यामुळे नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलपाशी गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला तेव्हा नवऱ्याचा चेहरा उतरला आणि माझा उजळला. मघाशी हायवेला हाच काटा निमूट मध्यावर होता. धावत्या गाडीच्या रेडिएटरला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्यानं पुरवायचा असतो. म्हणजे पंखा फिरत नाही. हे मी भर चौकात, मागून हॉर्न वाजत असताना, मुद्देसूद समजावून सांगितलं. मग एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. यातही शास्त्र आहे. केबिनचा हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर घेतो. काटा खाली आला. मे महिना होता. नवरा घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्याच्या शर्टावर मला स्वच्छ दिसत होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचा माणूस आला. बॉनेट उघडण्याआधी त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

‘साहेब कुठायत?’

साहेब ऑफिसला होते. मग त्यानं नाइलाजानं आत डोकावून पाहिलं, पंख्याच्या पात्याला एक बोट लावलं आणि म्हणाला, ‘फॅनची पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. साहेबांना फोन करायला सांगा.’

‘मोटरला सप्लाय येतोय का ते बघितलंत?’

‘मॅडम, असेंब्लीच येते.’

‘फ्यूज? रिले?’

तो हसला. फार सभ्यपणे हसला. दहावीच्या निकालानंतर ‘मुलगी आहे, कॉमर्सला घाला’ म्हणणारे लोक असेच हसायचे. एरवी मी मनाला लावून घेत नाही, पण त्या हसण्यापायी रविवारची माझी झोप गेली. नुसती माझीच नाही, सगळ्या सोसायटीची.

ओढणी काढून ठेवली, वेणी कुर्त्यात खोचली. हे शोभेसाठी नव्हतं. काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, तेव्हा बोटं आणि केस लांब ठेवलेले बरे. प्रेक्षक म्हणून वॉचमनकाका होते आणि गाडीखाली गेलेला चेंडू मिळेपर्यंत अडकून पडलेला एक मुलगा. चेंडू मी मुद्दामच लगेच काढून दिला नाही.

आधी इंजिन सुरू करून एसी लावला. आमच्या गाडीत एसी लावला की इंजिन गरम असो वा नसो, पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला. तेव्हा पाणी किती तापलंय ते सांगणाऱ्या सेन्सरवर एकट्यावर संशय घेण्यात अर्थ उरला नाही. इंजिन बंद करून पंख्याचा ३० अँपिअरचा फ्यूज उपटून उजेडात धरला. आतली पट्टी अखंड होती. राहिला रिले. पंख्याचा आणि हॉर्नचा रिले आमच्याकडे एकाच मापाचे आहेत. पंख्याचा काढून हॉर्नच्या जागी बसवायचा आणि हॉर्न दाबायचा. वाजला तर रिले निर्दोष. मी दाबला. दुपारचे अडीच वाजले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खिडक्या एकदम उघडल्या.

‘रिले उत्तम आहे!’ मी वर बघून सांगितलं.

‘मग वाजवता कशाला?’ वरून आवाज आला. मूलभूत संशोधनाला समाजाचा पाठिंबा नसतो.

बॉनेट उघडं आहेच तर एक सांगते. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधी उघडू नये. त्या झाकणात स्प्रिंग असते, ती आतला दाब धरून ठेवते, आणि म्हणून पाणी शंभरावर न उकळता त्याच्या बऱ्याच पुढे उकळतं. आपल्या कुकरचंच तत्त्व. आमच्या बाबांना हे मान्य नव्हतं. त्यांची प्रीमियर पद्मिनी होती, म्हणजे आमची ‘फियाट’, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तिचा पंखा विजेवर नव्हता, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. मे महिन्यात मुंबईहून नाशिकला आजोळी यायचं म्हणजे कसारा घाट आला, आणि कसारा घाट आला म्हणजे गाडी उकळलीच. बाबा हाताला टॉवेल गुंडाळायचे, झाकणाला पीळ द्यायचे आणि मागे उडी मारायचे. कारंजं उडायचं. आम्ही भावंडं टाळ्या वाजवायचो. दोष गाडीचा कधीच नसायचा. ‘इथं रेल्वेलासुद्धा मागून जादा इंजिन लावावं लागतं,’ बाबा अभिमानानं सांगायचे, ‘३७ ला १ चा चढ आहे!’ जणू रेल्वेचा तो चढ त्यांनीच मंजूर करून घेतला होता. वर घाटनदेवीला आई हात जोडायची, बाबा बॉनेटवर थाप मारायचे. कुणी कुणाचे आभार मानायचे याची घरात अशी स्पष्ट वाटणी होती.

पण काटा वर जायच्या आधी, दर वेळी, आई म्हणायची, ‘अहो, आवाज बदललाय.’

‘तुला काय कळतंय त्यातलं?’ बाबा म्हणायचे. त्यात राग नसायचा. गिअर बदलता बदलता सहज म्हणायचे. आई कल्याणपासून पायाशी पाण्याचा डबा धरून बसलेली असायची. गाडी थांबली की डबा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि मागितला की द्यायची. तिला बॉनेटजवळ कुणी बोलावलं नाही. फिजिक्स का घेतलंस असं मला कुणी विचारलं की मी आइन्स्टाइन, मेरी क्युरी वगैरे सांगते. ऐकायला बरं वाटतं.

असो. इंजिन परत सुरू करून मोटरचा कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर लावला: १३.९ व्होल्ट. वॉचमनकाकांना वाटलं, झालं. इथे मी तास घेतला. मल्टिमीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे एका धाग्यावर लोंबणाऱ्या गंजक्या तारेतही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दहाएक अँपिअर मागणारी मोटर लावली की ती तार मान टाकते. म्हणून पोटभर जेवणारं काहीतरी लावून बघायचं. मी ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब लावला, तो पावणेदोन अँपिअर खातो. बल्ब लख्ख पेटला. ‘म्हणजे?’ मी वर्गाला विचारलं. वर्ग म्हणाला, ‘काकू, माझा बॉल.’

म्हणजे तारा ठीक, मोटर दोषी. इंजिन बंद केलं, बॅटरीवरून थेट दोन तारा मोटरला दिल्या. ढिम्म. मग घरातून लाटणं मागवलं आणि मोटरच्या पाठीवर हलकेच एक टोला दिला. पंखा असा काही सुटला की वॉचमनकाका दोन पावलं मागे सरले. टोला दिल्यावर फिरते म्हणजे मोटर जळलेली नाही, आतले कार्बन झिजलेत. कॉम्युटेटरवर ते नीट टेकत नाहीत, धक्का बसला की क्षणभर टेकतात. वर बघितलं, सगळ्या खिडक्या बंद होत्या. इतका निर्भेळ विजय आणि साक्षीला लाटणं आणून देणारा नवरा. त्यानं विचारलं, ‘धुऊन ठेवू का हे?’

मोटर काढून मी एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या टपरीवर नेली. म्हाताऱ्या माणसानं ती कानाशी धरून हातानं फिरवली, ‘कार्बन’ एवढंच म्हणाला आणि स्क्रू काढायला बसला. आत काळी पूड साठली होती. नवा कार्बन जवळजवळ बोटाच्या पेराएवढा असतो. आमचा नखाएवढा उरला होता आणि त्याची तांब्याची वेणी उघडी पडली होती. स्प्रिंग दाबून धरायला त्याला तिसरा हात हवा होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही, साहेबांची चौकशी केली नाही. पक्कड माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ‘हे धरा.’

मी धरलं. निवृत्तीच्या समारंभात मला शाल आणि श्रीफळ मिळालं होतं, पण ही पक्कड जास्त वजनदार होती. असेंब्लीच्या किमतीच्या मानानं त्यानं घेतलेले पैसे सांगायलाही लाज वाटते. ‘असेंब्लीच येते’ म्हणणाऱ्यांच्या जमान्यात ही टपरी किती दिवस टिकेल कोण जाणे. मोटर उघडून बघायची गरजच वाटत नाही, याला आता प्रगती म्हणतात, आणि माझं डोकं त्यानं जितकं तापतं तितकं ते इंजिनही तापलं नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. कौतुक करून घ्यायला एवढी एकच खात्रीची जागा उरलीय. फ्यूज, रिले, हॉर्न, बल्ब, लाटणं, सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘आपल्या फियाटचा पट्टा सैल होता,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘पट्टा गं, पंख्याचा. चढाला लागली की किंचाळायचा. समोरचा तो बॅटरीचा लाल दिवासुद्धा लुकलुकायचा. पट्टा घसरायचा म्हणून पंखा मंद आणि पाणीही नीट फिरत नसणार. मला तेव्हाच वाटायचं.’

‘अगं मग बाबांना सांगितलं का नाहीस?’

‘सांगितलं ना. त्यांनी रेडिओ मोठा केला.’