एका युरोच्या गाडीचे न्यायशास्त्र

लिलाव म्हणजे आपल्या वस्तूची किंमत ठरवण्याचा अधिकार विक्रेत्याने राजीखुशीने परक्या माणसांच्या हाती सोपवणे होय. आणि ही व्याख्या तोंडपाठ असलेला विक्रेताही, शेवटची बोली मनासारखी आली नाही की, असा अधिकार आपण कुणाला दिलाच नव्हता असे मानू लागतो. इंटरनेटवरील लिलावांत ही मनोवस्था विशेष बळावते, कारण तेथे हातोडा नसतो, समोर बसलेली माणसे नसतात, आणि चारचौघांत शब्द फिरवण्याची जी लाज प्रत्यक्ष लिलावात आड येते तीही नसते.

या क्षेत्राचा आरंभ मात्र अत्यंत सात्त्विक होता. पिअर ओमिड्यार यांनी सप्टेंबर 1995 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या आणि पुढे ईबे या नावाने जगभर पोहोचलेल्या संकेतस्थळावरील पहिली विक्री म्हणून एका मोडक्या लेझर पॉइंटरची हकिकत सांगतात. तो 14.83 डॉलरला गेला, तेव्हा वस्तू मोडकी आहे हे समजले आहे ना, असे ओमिड्यार यांनी खरेदीदाराला विचारले आणि आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो असे उत्तर त्यांना मिळाले. किंमत जास्त आल्याबद्दल अस्वस्थ होणारा विक्रेता या शास्त्राच्या पहिल्याच पानावर भेटतो, आणि त्यानंतरच्या पानांवर त्याचा मागमूस लागत नाही.

पुढील तंटे समजण्यासाठी यंत्रणेची थोडी ओळख आवश्यक आहे. बोली लावणारा आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने, प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच, टप्प्याटप्प्याने बोली वाढवते. हिला प्रतिनिधी बोली म्हणता येईल. तिचा परिणाम असा की अंतिम किंमत पहिल्या क्रमांकाच्या इच्छेवर नव्हे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या ऐपतीवर ठरते, आणि दुसरा कोणी आलाच नाही तर पाच हजार मोजायला तयार असलेल्या माणसालाही वस्तू एका युरोत मिळते. यावर उपाय म्हणून राखीव किंमत ठेवता येते, म्हणजे जिच्या खाली विक्री बंधनकारक होत नाही अशी छुपी मर्यादा. परंतु तिच्यासाठी शुल्क पडते, आणि राखीव किंमत अद्याप गाठली गेलेली नाही ही पाटी पाहून हौशी बोलीदार काढता पाय घेतात. म्हणून विक्रेता एका युरोपासून सुरुवात करून आवळा देऊन कोहळा काढण्याचा बेत रचतो. हा बेत बहुधा साधतो. तंटा उद्भवतो तो आवळा गेला आणि कोहळा आला नाही, अशा दिवशी.

त्या दिवसाची अखेरची दहा मिनिटे अभ्यसनीय असतात. रविवारची संध्याकाळ, पडद्यावर उलटे धावणारे घड्याळ, बाजूला चाळीस जण या वस्तूवर लक्ष ठेवून आहेत असा सुखद आकडा आणि किंमत एक युरो. मुलगी पाहायला चाळीस स्थळे आली, पोह्यांचे पातेले रिकामे झाले आणि पत्रिका एकानेही मागितली नाही, अशा यजमानासारखी विक्रेत्याची अवस्था होते. शेवटच्या पाच सेकंदांत झडप घालणारे बोलीदार असतात हे त्याने ऐकलेले असते, म्हणून तो धीर धरतो. परंतु झडप घालणारे दोघे असतील तरच किंमत चढते, आणि दुसऱ्याला नेमके त्याच वेळी जेवायला बोलावलेले असते.

यानंतर विजेत्याला जो निरोप जातो, त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला अपघातवादी: वस्तू बांधताना हातातून निसटली, फुटली, क्षमस्व. पाच वर्षे माळ्यावर निर्धास्त पडून असलेली वस्तू विकली जाताच निसटते आणि महिनाभराने, बहुधा त्याच छायाचित्रासह, दुप्पट किमतीला पुन्हा अवतरते. दुसरा कुटुंबवादी: पत्नीने किंवा मेहुण्याने ती विचारल्याशिवाय दुसऱ्याला देऊन टाकली. तिसरा नीतिवादी, तो काहीच लपवत नाही, उलट एवढ्या कमी पैशांत वस्तू मागण्याची तुम्हाला लाज कशी वाटत नाही, असे विचारतो. एक युरो हा आकडा आपणच टंकला होता, ही बाब त्याच्या युक्तिवादात येत नाही.

या तिन्ही प्रकारांची सर्वांत कसोशीने छाननी केली ती जर्मन न्यायालयांनी, आणि त्यातही फोक्सवॅगन पासाट या गाडीचे योगदान मोठे आहे. रिकार्डो या संकेतस्थळावर सुमारे 57,000 मार्कांची नवी पासाट 26,350 मार्कांना गेली आणि विक्रेत्याने हात आखडता घेतला, तेव्हा कार्ल्सरूहे येथील संघीय न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2001 रोजी करार झालाच असा निर्वाळा दिला, कारण सर्वांत मोठी बोली स्वीकारण्याचे विक्रेत्याने आधीच मान्य केले होते. दुसरी पासाट जुनी होती. तिची बोली एका युरोपासून सुरू झाली होती आणि एकुलत्या एका बोलीदाराने 555.55 युरोंची मर्यादा नोंदवली होती. काही तासांत बाहेर 4,200 युरो देणारे गिऱ्हाईक भेटताच विक्रेत्याने लिलाव मध्येच बंद केला. बोलीदाराने गाडीचे मूल्य 5,250 युरो धरून त्यातून आपला एक युरो प्रामाणिकपणे वजा केला आणि 5,249 युरोंची भरपाई मागितली. 12 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. स्वस्तात घबाड मिळण्याची आशा हेच अशा लिलावांचे आकर्षण आहे आणि राखीव किंमत न ठेवता तळाचा आकडा लावणाऱ्याने त्याचा धोकाही पत्करलेला असतो, असा त्याचा आशय होता.

तिसऱ्या गाडीच्या, म्हणजे गोल्फच्या, विक्रेत्याने अधिक उद्योगीपणा दाखवला. आपल्याच वस्तूवर दुसऱ्या खात्यावरून आपणच लावलेल्या बोलीला बनावट बोली म्हणतात. तिच्या जोरावर त्याने एका खऱ्या बोलीदाराशी चढाओढ करत किंमत 17,000 युरोंपर्यंत नेली आणि अखेरीस स्वतःचा पराभव टाळण्याच्या नादात स्वतःच जिंकला. 24 ऑगस्ट 2016 रोजी न्यायालयाने या स्वगत बोली वगळून हिशेब मांडला, तेव्हा या बोलीदाराचा खरा प्रतिस्पर्धी एक युरोवरच थांबलेला निघाला. त्यामुळे गाडी बोलीदाराला दीड युरोला विकली गेली असे ठरले आणि ती हाती न दिल्याबद्दल 16,500 युरोंचा भुर्दंड बसला. भारतातही 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या 64 व्या कलमानुसार किंमत फुगवण्यासाठी विक्रेत्याने खोटी बोली लावली तर खरेदीदाराला सौदा रद्द करता येतो. जर्मन खरेदीदाराने मात्र सौदा रद्द न करता तो कवटाळला, हे त्याचे चातुर्य होय.

‘कमी’ ही संज्ञा सापेक्ष आहे, हे ऑस्ट्रेलियातील एका प्रकरणाने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विरावे जातीचे विमान ईबेवर दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला गेले आणि दुसरीकडे सुमारे एक लाख जास्त मिळताहेत म्हणून विक्रेत्याने ते देण्याचे नाकारले. 2007 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ते हवाली करण्याचा आदेश दिला. तात्पर्य, कमी म्हणजे एक युरो नव्हे. नंतर भेटलेल्या गिऱ्हाइकाने देऊ केलेल्या रकमेहून जे खाली असेल ते सारे कमी.

यावरून खरेदीदार तेवढे साधुसंत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सुमारे 75,000 युरोंची पोर्शे चुकून मांडली गेली आणि आठ मिनिटांत मागे घेतली गेली, तेव्हा साडेपाच युरोंच्या बोलीवर भरपाई मागणाऱ्याला कोब्लेन्झच्या वरिष्ठ न्यायालयाने 2009 मध्ये रिकाम्या हातांनी परत पाठवले. शिवाय जर्मनीत लिलावमोडीचे शिकारी म्हणून ओळखला जाणारा एक वर्ग निपजला आहे. हे शिकारी असंख्य वस्तूंवर किरकोळ बोली लावून कोणीतरी लिलाव मोडेल याची वाट पाहतात; त्यांना गाडी नको असते, गाडी नाकारली जायला हवी असते. केवळ पुष्कळ ठिकाणी बोली लावल्याने माणूस लबाड ठरत नाही, त्याचा एकंदर व्यवहार तपासावा लागतो, असे संघीय न्यायालयाचे मत असल्याने या वर्गाचे भवितव्य अगदीच अंधारात नाही.

विक्री टाळू पाहणारा विक्रेता आणि खरेदी टाळू पाहणारा खरेदीदार यांची गाठ पडली म्हणजे ही संस्था पूर्णत्वाला पोहोचते: वस्तू जागची हलत नाही, पैसे वकिलांकडे जातात आणि तत्त्वांचा विजय झाल्याचे समाधान दोन्ही घरांत नांदते. ज्याला हे सुख नको असेल त्याच्यासाठी ठरलेल्या किमतीला वस्तू विकण्याची सोय ईबेने 2000 मध्येच केली आहे. तीत एकच अडचण आहे: आपल्या वस्तूची किंमत काय, हे विक्रेत्याला आधी स्वतःशी कबूल करावे लागते.