चिरंजीवांचा बोका

बर्लिन, रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

"'मी अमुक केलं, मी तमुक केलं' असली पत्रं नकोत, पेपरात येते तशी बातमी लिहा," अशी बाबांची मागच्या फोनवर तंबी होती. तेव्हा ही बातमी. वार्ताहर : सूनबाई. नायक : आपले चिरंजीव, वय 43, वजन 84 किलो.

इथे पाणी बाटल्यांच्या क्रेटमधून येतं. गेल्या हिवाळ्यात चिरंजीव तसा एक क्रेट घेऊन दुसऱ्या मजल्यावर निघाले आणि पहिल्याच वळणावर कठड्याला टेकले. तळमजल्यावरच्या आजी, वय सत्तरच्या पुढे, स्वतःचा क्रेट घेऊन दारात उभ्या राहून हे बघत होत्या. त्या रात्री चिरंजीवांनी जिमची प्रतिज्ञा केली. आठवडाभरात कमरेचा चामडी पट्टा आला, हातमोजे आले, प्रोटीन पावडरचा बादलीएवढा डबा आला. व्यायाम तेवढा यायचा राहिला होता.

तो पहिल्या दिवशी एकदम आला. जिममधली लांब दांडी, म्हणजे बार, रिकामीच 20 किलोची असते, हे चिरंजीवांना ठाऊक नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंना वीस-वीसच्या चकत्या चढवल्या, बाकावर उताणे झाले आणि "चाळीसच तर आहे" म्हणत साठ किलो छातीवर उतरवले. उतरले ते तिथेच राहिले. शेजारच्या दाढीवाल्याने धावत येऊन बार उचलला आणि मग शांतपणे विचारलं, "बाकावर टॉवेल का नाही?" (जर्मन माणूस जीव वाचवतो, पण नियम सोडत नाही.) साथीला कुणी नसताना हा प्रकार जड वजनाने करू नये, एवढं ज्ञान त्या दिवशी पदरात पडलं.

तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना शर्ट काढता येईना. तुमच्या नातीने त्यांचा भांग पाडला. अशा दुखण्याला जर्मन लोक 'मुस्केलकाटर' म्हणतात; शब्दशः अर्थ लावला तर स्नायूंचा बोका. सवय नसलेला ताण पडला की स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं टिपेला जातं आणि मग आपोआप ओसरतं. जास्त दुखलं म्हणजे जास्त ताकद आली, असं मात्र नाही. नात शाळेत सांगून आली, "आमच्या बाबांना बोका चावला."

मग एक शिकवणारी बाई मिळाली. तिने पट्टा काढून ठेवायला लावला आणि दोन आठवडे निव्वळ रिकामा बार हातात दिला. चिरंजीव रुसले. बाबा, तुमच्या तालमीतले वस्ताद नव्या पोराला आधी महिनाभर हौदाची माती उकरायला लावायचे, ही तुमची गोष्ट तेव्हा आठवली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातल्या थॉमस डेलॉर्म या डॉक्टरने जखमी सैनिकांचे कमजोर झालेले पाय असेच सुधारले : वजन मोजून द्यायचं, झेपलं की थोडं वाढवायचं. दहा-दहाचे तीन फेरे ही आज जगभरच्या जिममध्ये चालणारी पद्धत त्याच्याच कामातून आली.

सध्याचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. परदेशी नावं सोडली तर सगळं आपल्याच घरातलं. बैठक. जमिनीवरून बार उचलणं, म्हणजे आपल्याकडचे हमाल केळीचा घड उचलतात तसं : कमरेतून वाकायचं, पाठ ताठ, वजन अंगाजवळ. विहिरीतून पाणी शेंदल्यासारखं ओढणं. माळ्यावर डबा ठेवल्यासारखं वर ढकलणं. प्रत्येक फेऱ्यात आठ ते बारा वेळा, आणि आणखी दोन निघतील असं वाटतानाच थांबायचं. सगळे फेरे नीट जमले, तरच पुढच्या खेपेला अडीच किलो वाढ.

दोन महिन्यांनी आरशापुढे तक्रार सुरू झाली : बारवरचं वजन वाढतंय, मग दंड का नाही फुगत? सुरुवातीची ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. आहेत तेच स्नायू कामाला लावायला मेंदू शिकतो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या भुयारी कुंडी भंडाऱ्यासारखं. वर नुसती कोरडी जमीन, आणि 1615 पासून खालून सातपुड्याचं पाणी गावाकडे वाहतंय.

खाण्याचा हिशोब वेगळाच. स्नायू वाढवणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिनं पुरतात, त्यापुढे फारसा फायदा दिसत नाही, असं वाचून चिरंजीवांनी वहीत 134 ग्रॅम लिहिले आणि वरणाच्या वाटीकडे तुच्छतेने पाहिलं. इथे 'क्वार्क' नावाचा चक्क्यासारखा प्रकार मिळतो. अर्ध्या किलोच्या डब्यात साठेक ग्रॅम प्रथिनं. सूनबाई त्याचं केशर घालून श्रीखंड करतात. चिरंजीव तो नुसता, उभ्याउभ्या, चमच्याने खातात. पावडरच्या डब्याला त्यामुळे सुट्टी मिळाली, त्यात आता तांदूळ आहेत.

गेल्या रविवारी नातीला घेऊन हाझेनहाइडे बागेत गेलो होतो. फ्रिडरिख यान या मास्तरांनी 1811 मध्ये तिथे उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं. तिथून ऑलिंपिक स्टेडियम. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या संघाने याच बर्लिनमध्ये कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. मेळघाट ओलांडला की तुमच्याकडून अमरावती, आणि 2013 पासून मल्लखांब हा तर तुमच्या मध्य प्रदेशचा राज्य-खेळ. नातीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाबा बारखाली कसे अडकले?"

आता तुमच्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, आणि पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकद यांचा मिळून तीन दिवस. आईंनी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठ-बस करावी, पाच-सहा वेळा. बाबांना बीपी आहे. आधी डॉक्टरांना विचारावं, आणि जोर लावताना श्वास कोंडू नये, उठताना सोडावा. माळ्यावरची तुमची जुनी मुद्गलं इतक्यात काढू नयेत. काढलीच, तर आधी हलकं.

येणाऱ्याबरोबर दराबा आणि मावा जलेबी पाठवावी. वहीत ती कुठे लिहायची, ते चिरंजीव बघतील.

कळावे, लोभ असावा.
तुमची सून

ता. क. काल चिरंजीव दोन क्रेट घेऊन न थांबता वर आले. उत्साहात खाली जाऊन आजींचाही क्रेट उचलायला गेले. आजींनी दिला नाही. "माझा व्यायाम बुडेल," म्हणाल्या.