सुनेलाही ठाऊक नाही

कोरियाला मी कधी गेलेले नाही, पण तिथल्या खाण्यापिण्याबद्दल आमच्या घरात निकाल मीच देते. सबटायटल वाचून वाचून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आहे, तो काही फुकट नाही. त्यामुळे माझ्या हातची तॉकबोक्की खायला येणाऱ्याला आधी व्याख्यान ऐकावं लागतं. तांदळाच्या चिवट, पांढऱ्या, बोटाएवढ्या कांड्या आणि गोचुजांग या मिरचीच्या आंबवलेल्या वाटणाचा लालभडक रस्सा, एवढं सांगून मला थांबता येईल. मी थांबत नाही. मूळचा पदार्थ लाल नव्हताच, इथून मी सुरुवात करते. जोसन राजांच्या मुदपाकखान्यात तो सोया सॉस, मांस आणि भाज्या घालून व्हायचा. मिरची कोरियात पोचली तीच मुळी सोळाव्या शतकाच्या अखेरीस. 1614 सालच्या एका कोरियन ग्रंथात तिला ‘जपानी मोहरी’ म्हटलं आहे. इथपर्यंत आल्यावर पाहुणे कढईकडे बघायला लागतात आणि आमचे हे म्हणतात, “अगं, व्याख्यान गार झालं तरी चालेल. त्या कांड्या गार झाल्या की चामडं होतं त्यांचं.”

ते खरं आहे. शिजवलेला तांदूळ गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो. म्हणूनच फ्रिजमधल्या कांड्या आधी पाण्यात भिजत टाकायच्या आणि शिजल्या की लगेच खायच्या. पण हेही मीच सांगणार होते. पुढच्या मुद्द्यात.

माझं माहेर कोल्हापूरचं. तिखटाबद्दल मला कुणी काही शिकवू नये, असा माझा जन्मसिद्ध समज आहे. आपली मिरचीही पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली, म्हणजे आपला हा सगळा माज मुळात अमेरिका खंडातून उसना आणलेला आहे, हे मला ठाऊक आहे. पण माज माहितीने उतरत नाही. गोचुजांगची तऱ्हा वेगळी. मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मीठ हे सगळं मातीच्या रांजणात महिनोन् महिने मुरवलेलं. आमचा तांबडा रस्सा पहिल्या घोटालाच अंगावर येतो. गोचुजांग आधी गोड बोलतं, घरात शिरतं, बूड टेकतं, आणि मग हळूच गळा धरतं. अशा वेळी माझं नाक वाहू लागलं की मी हवा बदलल्याचं सांगते. आमच्याकडे हवा नेमकी तॉकबोक्कीच्या दिवशीच बदलते.

आता मा बोक-रिम यांच्याबद्दल सांगते. विषयांतर आहे, पण हे सांगितल्याशिवाय मी वाढत नाही.

1953 साली, कोरियन युद्धाने सोलची राखरांगोळी केलेली असताना, या बाईंनी सिन्दांग-दोंग भागात रस्त्याकडेला तॉकबोक्की विकायला सुरुवात केली. एका चिनी हॉटेलात त्यांच्या हातून तांदळाची कांडी काळ्या सोयाबीनच्या सॉसमध्ये पडली, ती चवीला बरी लागली, आणि तिथून लाल तॉकबोक्कीची कल्पना सुचली, असं म्हणतात. तांदूळ तेव्हा दुर्मिळ होता आणि अमेरिकेच्या मदतीतून गव्हाचं पीठ येत होतं, म्हणून पुष्कळांच्या कांड्या गव्हाच्याच असत. पुढे सरकारनेच गहू खाण्याचा प्रचार केला; हॉटेलांना ठरावीक दिवशी भात विकायची बंदी होती. आज सिन्दांग-दोंगमध्ये तॉकबोक्कीची अख्खी गल्ली आहे. गिऱ्हाईक टेबलावरच्या शेगडीवर स्वतः शिजवून खातं आणि उरलेल्या रश्श्यात शेवटी भात परतून घेतं. नव्वदच्या दशकात मा आजी गोचुजांगच्या एका जाहिरातीत झळकल्या. त्यात त्या सांगत, आपल्या चवीचं गुपित कुणालाच ठाऊक नाही, सुनेलाही नाही. हे वाक्य कोरियाभर इतकं गाजलं की शाळकरी पोरंसुद्धा ते एकमेकांना ऐकवत.

मी ही जाहिरात पाहिली आणि तत्क्षणी सुनेच्या बाजूने उभी राहिले. कारण ती सून मी होते. आमच्या सासूबाईंच्या मालवणी मसाल्याचं प्रमाण मला कधी कळलं नाही. डंकावर मसाला कुटायला त्या एकट्या जात, आणि मला घरी ठेवत, दूध उतू जाईल म्हणून. विचारलं की म्हणत, “अंदाजाने घालायचं गो.” त्यांचा अंदाज मात्र दरवर्षी हुबेहूब तोच असायचा. मला राग यायचा. थोडा अजूनही येतो. पण घर सासऱ्यांच्या नावावर होतं, कलमांची बाग दिरांच्या नावावर. सासूबाईंच्या नावावर काय होतं? सात-बाऱ्यावर त्या नव्हत्या, रेशन कार्डावर दुसऱ्या ओळीत होत्या. मसाल्याचं प्रमाण तेवढं एकट्या त्यांचं होतं, आणि ते सुनेच्या हाती दिल्यावर चुलीपाशी बसायचं तरी कोणत्या हक्काने? मा आजींचं दुकान आज मुलंसुना चालवतात, म्हणजे तिथलं गुपित घरात तरी राहिलं. आमच्या सासूबाई गेल्या आणि प्रमाण घेऊन गेल्या.

परवा वन्सं मालवणहून आल्या होत्या. त्यांना एकदाचं विचारलं. “मला खंय सांगितलान आवशीन?” त्या म्हणाल्या. म्हणजे सुनेलाच नव्हे, लेकीलाही ठाऊक नव्हतं! हे ऐकून मला जो आनंद झाला, तो माझ्या वयाला शोभणारा नव्हता. त्या भरात मी तॉकबोक्कीचा बेत जाहीर केला.

कांड्या बघून वन्सं म्हणाल्या, “वयनी, हे तर आपले शिरवाळेच गो, फक्त जाड.” माझी ही मोठी तक्रार आहे. बाहेरून काहीही आणा, आपल्या माणसांना ते आपलंच वाटतं. शिरवाळे साच्यातून बारीक पडतात आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडतात. इथे कांडी आहे, तिखट आहे, राजघराणं आहे, असं मी सुनावलं. वन्सं तोवर पाकिटातल्या सुक्या मासळीकडे वळल्या होत्या. तॉकबोक्कीचं पाणी छोट्या सुक्या मासळीचं आणि समुद्री शेवाळाचं असतं. मासळीचं डोकं आणि पोटातली घाण काढावी लागते, नाहीतर पाणी कडू होतं. हे मी वाचून दाखवत होते. दाखवून होईपर्यंत वन्संचा ढीग साफ झालेला होता, बोलता बोलता, तिकडे न बघता. कोरियन आज्यांची अशी बोटं मी पडद्यावर पाहिली होती आणि त्यावर उसासेही टाकले होते. घरात ती तीस वर्षं होती.

रस्सा सुरेख झाला. हवा बदलली, पण त्या दिवशी वन्संची आणि माझी एकदमच. त्यांनी उरलेल्या रश्श्यात भात परतायला घेतला तेव्हा मी राजघराण्यापर्यंतच आले होते. कढई खरवडताना त्यांनी सुचवलं की पुढच्या खेपेला यात बांगडा घालूया आणि वर दोन आमसुलं. याला माझा तात्त्विक विरोध आहे. कोरियन लोक यात माशाच्या वड्या घालतात, ते चालतं. बांगडा चालणार नाही. आमसुलांचं बघू.