मुलगा गेम बनवतो म्हणे!

घ्या की वहिनी, कढीपत्ता काय विचारून घ्यायचा? फांदी तुमच्याच अंगणात आलीय. पण ते राहू दे, आधी सांगा, काल संध्याकाळी ती पांढरी गाडी कोणाची? आमचे हे म्हणाले, गॅस दुरुस्तीवाला असेल. म्हटलं, गॅसवाला पेढ्यांचा पुडा घेऊन कशाला येईल? धाकटीला बघायला आले होते ना? तरीच!

मग मुलगा करतो काय? गेम बनवतो? अहो, मग असं तोंड पाडून काय सांगताय!

छे छे, रमी नव्हे. भावोजींनी घोटाळा केलेला दिसतोय. क्रिकेटच्या मधे नटनट्या येऊन ‘खेळा आणि जिंका’ म्हणायच्या ना, ते दुकान वेगळं. पैसे लावून खेळायच्या त्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदाच केला संसदेनं, ऑगस्ट 2025 मध्ये. याचं तसं नाही. हा गोष्ट रचतो, चित्रं हलवतो, लोक तो खेळ विकत घेऊन खेळतात. सिनेमासारखंच. आणि त्याच कायद्यात असल्या खेळांना उत्तेजन द्यायचं असंही लिहिलंय. आपल्या राज्यानं तर लगोलग सप्टेंबरात ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण काढलं, 3,268 कोटींचं. आता सरकारी कोटी कागदावरून खाली कधी उतरतात ते तुम्हीही जाणता नि मीही.

मला कसं माहीत म्हणजे? भाचा नाही का माझा, औंधच्या ताईचा! त्याची पहिली नोकरी टेस्टरची. कंपनीचं नाव नको, ताईला आवडणार नाही. काम काय, तर दिवसभर पडद्यावरच्या माणसाला भिंतीवर नेऊन आपटायचं. खरंच! हा कोपरा झाला की तो कोपरा. एखाद्या ठिकाणी माणूस भिंतीतून आरपार गेला, की याला आनंद. लगेच लिहून काढायचं: कुठल्या खोलीत, कुठल्या बाजूनं, उडी मारताना की चालताना, दहा वेळा केलं तर किती वेळा घडतं. मग प्रोग्रामर ती भिंत दुरुस्त करणार, की हा पुन्हा पहिल्यापासून आपटायला मोकळा. ताई महिनाभर कुणाला सांगतच नव्हती. कुणी विचारलं की म्हणायची, आयटीत आहे.

आणि हे काही आजकालचं नाही हो. 2007 मध्ये सुमो डिजिटल नावाच्या इंग्रजांनी इथे पुण्यात स्टुडिओ थाटला. 2008 मध्ये युबिसॉफ्ट आली, फ्रान्सची. गेमलॉफ्ट नावाच्या कंपनीचा पुण्यातला स्टुडिओच तिनं घेतला. तुम्ही-आम्ही तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकवर बोलत बसलो होतो, आपल्याला पत्ता नाही. सुरुवातीला इथल्या पोरांच्या वाट्याला काम कसलं, तर हेच टेस्टिंग, नाहीतर एका यंत्रावर चालणारा खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करून द्यायचा. लग्न दुसऱ्यांचं, आपण वाढपी. तुमची नात टीव्हीसमोर नाचते ना, ते युबिसॉफ्टचं जस्ट डान्स? त्याच्या कामातही पुण्याची पोरं असतात. नाव मात्र पॅरिसचं.

शिकवायलाही फ्रेंचच आले. हडपसरच्या पुढे एका बिल्डरनं सुपिनफोगेम नावाच्या त्यांच्या संस्थेला बरोबर घेऊन गेम डिझाईनचं कॉलेज काढलं होतं. 

मग एकदा मोठं पान वाढलं गेलं. प्रिन्स ऑफ पर्शिया! 2003 मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला बनलेला गाजलेला खेळ, तो नव्यानं करायचं काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना मिळालं. सप्टेंबर 2020 मध्ये झलक दाखवली आणि जगभरच्या पोरांनी नाकं मुरडली, चित्रं जुनाट दिसतात म्हणून. जानेवारी 2021 ची तारीख होती, ती मार्चवर गेली, मार्चची बेमुदत झाली. शेवटी मे 2022 मध्ये काम इथून काढून परत माँट्रियलला दिलं. भाचा दोन दिवस जेवला नाही. त्याचं काही नव्हतं हो त्यात, पण मित्र होते ना. माझं मत विचाराल, तर इतकी वर्षं ज्याला भिंती तपासायला लावल्या, त्याच्या हाती एकदम राजवाडा द्यायचा नि वर झलकेवरून निकाल लावायचा, हे काही बरोबर नाही.

पण गंमत ऐका. त्याच 2020 च्या ऑगस्टमध्ये, झलकेच्या महिनाभर आधी, पुण्यातल्याच मूठभर लोकांनी आपला स्वतःचा खेळ बाजारात आणला होता. नॉडिंग हेड्स गेम्स. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड नावाचे गोरे गृहस्थ, अशा तिघांनी काढलेली कंपनी. खेळाचं नाव राजी. भाच्यानं मला तासभर समोर बसवून दाखवला. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करणारी पोर. राखीच्या सणाला असुर हल्ला करतात आणि तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि मग ही पोर खांबांवर चढते, भिंतींवरून पळते. मधेमधे भिंतीवर पहाडी शैलीतली चित्रं. तिथे उभं राहिलं की दुर्गा नि विष्णू वरून पुराण सांगायला लागतात. मी म्हटलं, थांब रे, मारामारी नंतर कर, आधी ते ऐकू दे. तो म्हणाला, मावशी, अशी खेळणारी तू पहिलीच!

पैशाला मात्र मेटाकुटीला आले होते. 2017 मध्ये लोकांकडून इंटरनेटवर वर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. मग एपिक नावाच्या अमेरिकन कंपनीचं अनुदान मिळालं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. इथे आपल्या कॉलनीच्या गणपतीची वर्गणी चुकत नाही बघा.

आता तर आणखी आहेत. सुपरगेमिंग म्हणून पुण्याचीच कंपनी. मास्कगन नावाचा खेळ त्यांचाच. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी इंडस काढला, धाडधाड गोळीबाराचा, पण वेषभूषा नि इमारती आपल्या वळणाच्या. आमच्या वेळचं ते पॅक-मॅन होतं ना, गोळ्या खात पळणारं तोंड? मोबाईलवरच्या पॅक-मॅनलाही यांचं तंत्र आहे. मला गोळीबार सोसत नाही, मी राजीच्या पक्षातली.

पुण्याला हे शोभत नाही म्हणे! कोण, तुमच्या जाऊबाई म्हणाल्या? त्यांना सांगा, बॅडमिंटनचे नियम इंग्रज साहेबांनी याच पुण्यात बांधले, 1870 च्या सुमारास. त्या खेळाला ‘पूना’च म्हणत. आणि 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली, तेव्हा सिनेमात कामाला असलेल्या मुलाला कोण मुलगी देत होतं? सासूबाई सांगायच्या, त्यांच्या एका मामांनी स्टुडिओत सुतारकाम करतो हे लग्नाआधी लपवून ठेवलं होतं. आज त्याच जागेवर सिनेमा शिकवणारी एफटीआयआय आहे आणि तिथे प्रवेश मिळाला की लोक पेढे वाटतात.

तेव्हा स्थळ धरा. पण दोन गोष्टी तेवढ्या विचारून घ्या, पोह्यांच्या बशा उचलायच्या आत. एक, नोकरी कायमची की त्या एका खेळापुरती? बाहेर अमेरिकेत, युरोपात गेल्या काही वर्षांत या धंद्यातल्या हजारो लोकांना घरी पाठवलंय, आणि तिकडचं काम इकडे येतं ते स्वस्तात होतं म्हणून, आपल्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. इथे स्वतःचा खेळ करणारा असेल तर पगार कमी सांगेल, त्याला नाक मुरडू नका.

आणि दुसरं, याचा खेळ बाजारात कधी येणार ते विचारा. त्याच्या आधीचे महिने ही पोरं घरी येतात कुठे! भाचा तर दिवाळीत अभ्यंगाच्या आंघोळीला सुद्धा लॅपटॉपवर एक डोळा ठेवून बसला होता. मुहूर्त त्या तारखेच्या बराच पुढचा धरा. तारीख म्हणजे तरी काय, त्या पर्शियाच्या राजपुत्राची जानेवारीची मार्च झालीच ना! खेळ आल्याशिवाय कार्यालय अजिबात ठरवू नका. ते कर्वे रोडवाले डिपॉझिटमधला एक रुपया परत देत नाहीत.