ओलीचे तज्ज्ञ

बालाघाटात पावसाळ्यात आधी वैनगंगा फुगते, मग भिंतींचा रंग. कवेलूचं घर गळायचं, पण श्वास घ्यायचं. आम्ही प्रगती केली: वर स्लॅब, खिडक्यांना घट्ट काचा, आत वाळत घातलेले कपडे. आता तज्ज्ञ येतो, भिंतीला यंत्र टेकवतो आणि गंभीरपणे सांगतो, "ओल आहे." हे आजी नुसत्या नाकाने सांगायची, तेही फुकट. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांखाली ठेवा, म्हणे. श्रावणात, धानाच्या बांध्यांशेजारी! मग बुरशीवरच रंग चढतो. हमी रंगाची मिळते, भिंतीची नाही. पलीकडे भरवेलीच्या मँगनीज खाणीत जमिनीच्या पोटातलं पाणी उपसतात. गच्चीवरचा तुंबलेला पाइप मात्र कुणी मोकळा करत नाही. त्याचं बिल कितीचं होणार?