एक बाई, दोन खाती

कमी पैशांत साथीच्या रोगावर थरारपट काढायचा असेल, तर विषाणूसारखा नट मिळणार नाही. मानधन मागत नाही, मेकअप लागत नाही आणि दिसतच नसल्यामुळे त्याच्या तारखा घेण्याचीही गरज नाही. अडचण एवढीच की, पडद्यावर काहीतरी हलावं लागतं. पैसे मोजून आलेला प्रेक्षक नुसती हवा बघत बसत नाही. मग विषाणूच्या वतीने कुणाला तरी पळावं लागतं. १९५० साली कोलंबियाने काढलेल्या 'द किलर दॅट स्टॉक्ड न्यू यॉर्क' या जेमतेम सव्वा तासाच्या कृष्णधवल चित्रपटात हे पळण्याचं काम एव्हलिन कीझच्या वाट्याला आलं.

ती झाली आहे शीला बेनेट. क्यूबाहून चोरटे हिरे आणणारी बाई. हिरे ती हुशारीने टपालाने पुढे पाठवून देते. देवी काही टपालात टाकता येत नाहीत, त्या तिच्या अंगातूनच न्यू यॉर्कला उतरतात. हिऱ्यांसाठी तिच्या मागे सरकारचे एक खाते आणि देवीच्या रोग्याचा माग काढत आरोग्याचे दुसरे. आपण दोघं एकाच बाईला शोधतो आहोत याचा पत्ता दोघांनाही बराच वेळ नसतो. समीक्षक याला योगायोगाचा अतिरेक म्हणतील. ज्याने एका सरकारी कचेरीतला कागद शेजारच्या टेबलापर्यंत जाताना पाहिला आहे, त्याला मात्र हा चित्रपटातला सर्वांत विश्वासार्ह भाग वाटेल.

कीझबाईंबद्दल थोडं सांगायलाच हवं. 'गॉन विथ द विंड'मध्ये त्या नायिकेची धाकटी बहीण झाल्या होत्या, आणि ती ओळख त्यांना इतकी चिकटली की पुढे त्यांनी आत्मचरित्राच्या नावातही तीच घातली. तिथे थोरलीने धाकटीचा नियोजित वर पळवला होता. इथे शीलाचा नवरा तिच्या धाकट्या बहिणीशी सूत जमवून बसला आहे. अकरा वर्षांनी हिशेब चुकता झाला, पण दोन्ही वेळा नुकसान कीझबाईंचंच! तरीही त्यांनी काम झकास केलंय. घामाने थबथबलेला चेहरा, ओढलेले डोळे आणि सगळी ताकद नवऱ्याचा सूड घेण्यासाठी राखून ठेवलेली. त्या काळात नायिकेला दिवसेंदिवस वाईट दिसू देणं ही निर्मात्याची हिंमतच म्हणायची.

उणिवा मोजायला बसलं, तर पहिला नंबर निवेदकाचा. भारदस्त आवाजात तो आपल्याला दिसतंय तेच पुन्हा सांगतो. शहर दिसतं आहे, बाई चालते आहे, बाई आजारी आहे. वर, मृत्यू कसा गुपचूप वावरतो आहे हेही. घरात एखादे काका टीव्हीसमोर बसून हेच काम फुकट करतात. दुसरी उणीव वैद्यकाची. देवीचा रोगी रस्त्यात कुणाच्या बाजूने गेला की तो माणूस संपला, असं नव्हतं. लागण व्हायला बहुधा बराच वेळ जवळचा सहवास लागे, आणि लागण झाल्यावरही दहा ते चौदा दिवस रोग गप्प बसून राही. इतका सभ्य खुनी थरारपटाला परवडणारा नाही.

गंमत म्हणजे या कथेला खरा आधार आहे. १९४७च्या मार्चमध्ये मेक्सिकोहून एक व्यापारी बसने, वाटेतच तापाने फणफणत, न्यू यॉर्कला आला. हिरे नाहीत, पोलीस नाहीत, फितूर नवरा नाही. तो रुग्णालयात दगावला आणि हा रोग देवीचा, हे त्यानंतर उमगलं, तेही तिथल्या इतरांना लागण झाल्यावर. त्या साथीत रुग्ण झाले १२ आणि त्याच्यासह दोघे गेले. पण महिनाभरात शहरात ६० लाखांहून अधिक लोकांना लस टोचली गेली. महापौर ओड्वायर यांनी वार्ताहरांसमोर दंड पुढे केला. लशीचा साठा संपत आला, तेव्हा त्यांनी औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतलं. हा प्रसंग चित्रपटातही आहे आणि बंद खोलीत टेबलाभोवती बसलेली माणसं असूनही शेवटी इमारतीच्या कठड्यावर होणाऱ्या झटापटीपेक्षा तो जास्त धरून ठेवतो.

इथे कमी बजेट उपयोगी पडलं आहे. सेट उभारायला पैसे नसले की कॅमेरा रस्त्यावर न्यावा लागतो, आणि जोसेफ बायरॉकने न्यू यॉर्कचे खरे रस्ते अशा नजरेने टिपले आहेत की गर्दीतल्या प्रत्येक माणसाची काळजी वाटू लागते. याच बायरॉकला पुढे भरपूर पैसे ओतून जाळलेल्या इमारतीच्या चित्रपटासाठी ऑस्करची अर्धी वाटणी मिळाली. आगीला बक्षीस मिळतं, लशीच्या रांगेला नाही. आपल्याकडे ज्यांच्या दंडावर देवीचा वण आहे, त्यांना ती रांग पाहून लगेच काहीतरी आठवेल. देवीडॉक्टर गावात आला की कोण कोण कुठे कुठे लपे, हा तर मराठीत अजून न निघालेला थरारपट आहे.

दिग्दर्शक अर्ल मॅकएव्हॉय यांच्या नावावर उणेपुरे तीन चित्रपट. त्यात नशीब असं की, त्याच वर्षी एलिया कझान यांचा 'पॅनिक इन द स्ट्रीट्स' आला. त्यात न्यू ऑर्लिन्समध्ये प्लेग, मागे मोठी कंपनी, आणि पुढे कथेला ऑस्करही. श्रीमंत भावाची वरात पुढे निघाली म्हणून या गरीब भावाला काही महिने मांडवाबाहेर थांबवून ठेवलं, असं सांगतात.

शेवटी नवरा कठड्यावरून खाली पडतो. तो पडणार हे त्याच्या चेहऱ्यावरून आधीच कळलेलं असतं. शीला मात्र शरण येते आणि मरण्यापूर्वी आपण कुणाकुणाला भेटलो ते अधिकाऱ्यांना सांगते. सव्वा तास ज्या हिऱ्यांसाठी धावपळ चालली होती, त्यांचं नाव आता कुणी काढत नाही. सगळं शहर पेन्सिल घेऊन तिच्या तोंडून नावं उतरवून घ्यायला बसलेलं आहे.