तुमचा झेनॉन, माझे डोळे

हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये झेनॉनचं किट कोंबून जे रस्त्यावर उतरतात, त्यांना एकच सांगणं आहे. ते किट काढा. पुढच्या आठवड्यात नको, आजच काढा.

पावसाळ्यातल्या रात्री आंबा घाटात किंवा ताम्हिणीत समोरून अशी गाडी आली की वळणावरचा कठडा दिसेनासा होतो, पांढरा पट्टा दिसेनासा होतो, कडेने चालणारा माणूस दिसत नाही. आपण डिपर मारतो. समोरचा ढिम्म, कारण त्याच्या मते तो डिपरवरच आहे. आणि खरंच असतो! खटका बरोबर आहे, दिवा चुकीचा आहे.

का चुकीचा, ते नीट समजून घ्या. आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत एच-4 बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, 60 वॅटची अप्परची आणि 55 वॅटची डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली रस्त्याकडे वळतो. सगळा हिशोब त्या तारेच्या जागेवर आणि लांबीवर बेतलेला असतो, अगदी मिलिमीटरमध्ये. झेनॉनमध्ये तारच नसते. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड पेटलेली असते, ती मध्ये वर वाकलेली असते आणि टोकांशी जास्त झगझगते. ती तारेच्या जागी बसवली की रिफ्लेक्टरचा हिशोब कोसळतो. उजेड वर उधळतो, समोरच्याच्या काचेत घुसतो. एच-4 च्या डिपरचा उजेड साधारण 1000 ल्युमेन असतो. कंपनीच्या 35 वॅटच्या झेनॉनचा साधारण 3200. म्हणजे तिप्पट उजेड, तोही भलतीकडे.

झेनॉन वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट ते देखणं तंत्र आहे. 1991 मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये ते पहिल्यांदा आलं. पेटताना बॅलास्ट वीस हजारांहून जास्त व्होल्टचा झटका देतो, झेनॉन वायू लगेच उजळतो आणि काही सेकंदांत आतले धातूंचे क्षार तापून खरा उजेड देऊ लागतात. पण हे तंत्र एकटं आलं नव्हतं. त्याच्यासाठी वेगळे प्रोजेक्टर आणि रिफ्लेक्टर आखले गेले. युरोपच्या नियमांनी 2000 ल्युमेनच्या वरच्या दिव्याला दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. गाडीत ओझं वाढलं की दिव्याचा कोन आपोआप खाली आणणारी यंत्रणा, आणि दिव्याची काच धुणारे फवारे. काचेवरचा चिखलसुद्धा उजेड विखुरतो, इतका विचार तिथे केलेला आहे. किट विकणारा यातला फक्त बल्ब आणि बॅलास्ट तुमच्या हातात देतो.

वर केल्विनची फसवणूक. ‘सहा हजारचा घ्या, आठ हजारचा अजून पॉवरफुल’ असं काउंटरवर बिनदिक्कत सांगितलं जातं. केल्विन हे रंगाचं माप आहे, ताकदीचं नाही. कारखान्यातून येणारं झेनॉन 4200-4300 केल्विनच्या आसपास असतं. आकडा वर नेला की उजेड निळा होतो, पुढे जांभळा होतो, आणि ल्युमेन घटतात. जास्त पैसे मोजून कमी उजेड विकत घेतला जातो. साध्या हॅलोजनवर निळा मुलामा देऊन ‘झेनॉन व्हाइट’ म्हणून विकतात, त्याचीही हीच गत. तो मुलामा तारेचा पिवळा उजेड गाळून टाकतो, नवा उजेड निर्माण करत नाही.

पण माझ्या गाडीचा उजेड खरोखर पुरत नाही, त्याचं काय? ही तक्रार शंभर टक्के रास्त आहे. अनेक स्वस्त गाड्यांचे दिवे मंद असतात आणि आपले रस्ते काळेकुट्ट. फक्त सुरुवात बल्बपासून करू नका.

आधी काच बघा. पिवळी पडली असेल तर घासून पॉलिश करून घ्या. मग मल्टिमीटर हातात घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि दिवा लावल्यावर होल्डरपाशी 12.4 दिसले, तर बारीक वायर आणि जुना खटका मिळून दहा टक्के व्होल्टेज खात आहेत. दहा टक्केच ना, असं म्हणू नका. तारेच्या दिव्यात व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के पडतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर आणि रिले बसवून घ्या, म्हणजे दिव्याला थेट बॅटरीवरून वीज मिळेल. बल्ब तोच ठेवून रस्ता उजळतो. मूळच्या बारीक वायरिंगवर 100/90 वॅटचा बल्ब लावणारे होल्डर वितळवून बसतात.

नंतर फोकस. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खूण करा. उतार एक टक्का हवा असेल तर डिपरची वरची कड त्या खुणेखाली पाच सेंटिमीटरवर आली पाहिजे, आणि डाव्या हाताला ती वर चढलेली दिसली पाहिजे. अनेक गाड्यांवर हा उतार टक्क्यांत छापलेला असतो, तो पाळा. मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर डॅशबोर्डवरचं 0 ते 3 आकड्यांचं चाक फिरवा. ते चाक कशासाठी आहे हे आयुष्यात कधीच न विचारणारे लोक रोज हायवेवर असतात.

एवढं झाल्यावर हवा तर चांगला बल्ब घ्या. 60/55 वॅटचाच, गोलातल्या ‘ई’ खुणेचा. आत झेनॉन वायू भरलेले चांगले हॅलोजन बल्ब मिळतात, त्यांची तार जास्त तापते आणि उजेड पांढरा पडतो. त्यांचं आयुष्य मात्र कमी असतं, हे मान्य करूनच घ्या.

ज्यांच्या गाडीत मुळातच झेनॉन आहे, त्यांनी जुन्या बल्बवरचा कोड वाचून तोच घ्यावा. डी1एस आणि डी2एस साधारण 85 व्होल्टवर चालतात. डी3एस आणि डी4एस साधारण 42 वर, आणि त्यांत पारा नसतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘एस’ प्रोजेक्टरसाठी, ‘आर’ रिफ्लेक्टरसाठी. एक बल्ब गुलाबी पडू लागला की दोन्ही बदला, नाहीतर दोन बाजूंना दोन रंग दिसतील. काचेला बोट लावू नका, आणि दिवा चालू असताना बल्बच्या जोडणीजवळ हातही नेऊ नका. भंगारातून आलेला परदेशी प्रोजेक्टर घेण्याआधी तो कुठल्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे ते बघा. उजवीकडून गाड्या चालणाऱ्या देशातला असेल तर त्याची वर चढणारी कड नेमकी समोरच्याच्या डोळ्यात जाईल.

कायदा आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की दिव्यापुढे 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. दीड मीटर! कुणीतरी विचार करून माणसाच्या डोळ्यांची उंची मोजलेली आहे. पण खाजगी गाडी एकदा नोंदली की तिचा फोकस पंधरा वर्षं कुणी सरकारी माणूस तपासत नाही. ट्रकला, टॅक्सीला फिटनेस आहे, तुमच्या-माझ्या गाडीला नाही.

धूर तपासायला मात्र आपण नेमाने जातो. त्याच पीयूसी केंद्रात फोकस तपासायचं यंत्र बसवा. भिंग, पडदा आणि चाकं, एवढंच ते असतं. धुरासोबत फोकसही पास झाल्याशिवाय कागद देऊ नका. परिवहन खात्याने हे याच वर्षी सुरू करावं, पहिली सुरुवात घाटांखालच्या तालुक्यांतून.